जुनेर आणि जुनाट

मराठीत 'जुना' या शब्दाचा गोतावळा मोठा आहे. 'जुनाट' म्हटले की नाक मुरडले जाते. खोकला जुनाट असतो, समजुती जुनाट असतात. 'जुनाजाणता' म्हटले की आपण उठून बसायला जागा देतो. आणि 'जुनेर' म्हणजे नेसून-धुऊन मऊ झालेले लुगडे. ते कोणी फेकून देत नाही. त्याची गोधडी होते, बाळाची दुपटी होतात, अगदी शेवटी चुलीपाशी फडके होते. गेल्या काही वर्षांत लग्नपत्रिका, लोणच्याच्या बरणीवरची लेबले, नाटकांच्या जाहिराती, चहाच्या दुकानांच्या भिंती, पुस्तकांची मुखपृष्ठे अशा सगळ्या ठिकाणी जुन्या छापील चित्रांची आठवण जागवणारे काम दिसू लागले आहे. लोक त्याला 'रेट्रो' म्हणतात, 'विंटेज' म्हणतात. ते पाहताना मला वरचे शब्द फार उपयोगी पडतात. त्यातले बरेचसे काम जुनाट वाटते. थोडे मात्र जुनेराच्या गोधडीसारखे असते: कापड जुने, टाका आजचा, ऊब खरी. त्या थोड्या कामाकडे वाचकांना नेता यावे, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू.

हा विषय चित्रकारांचा, जाहिरातवाल्यांचा, आपला त्यात काय संबंध, असे कोणाला वाटले तर ते स्वाभाविक आहे. पण वाचकांनी क्षणभर आपल्याच घरात फिरून यावे. देवघरातली लक्ष्मीची तसबीर, आजोळच्या माळ्यावरची दिवाळी अंकांची ट्रंक, केस कापायला गेल्यावर समोर दिसणारे कॅलेंडर, आरतीसंग्रहाचे भडक मुखपृष्ठ, काडेपेटीवरचा छाप. यातले काय पाहायचे हे तुम्हाला कोणी शिकवलेले नाही, तरी तुम्ही ते वर्षानुवर्षे पाहत आला आहात. या अभ्यासाचे अर्धे साहित्य तुमच्या घरात आधीच आहे. राहिलेले अर्धे म्हणजे ते तसे का दिसते याची कारणे, आणि या विषयातली खरी गंमत त्या कारणांमध्येच आहे.

आधी दोन शब्दांचा खुलासा. 'विंटेज' हा मुळात द्राक्षांच्या हंगामाचा शब्द. अमुक सालच्या द्राक्षांची ती दारू. त्यामुळे विंटेज वस्तू ही त्या-त्या काळात जन्मलेलीच असायला हवी. १९५० सालचा दिवाळी अंक विंटेज. त्याची आठवण ठेवून आज काढलेले मुखपृष्ठ रेट्रो. बाजारात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात आणि त्यावरून कोणाशी भांडायला जाऊ नये. मात्र स्वतःच्या मनात हा फरक पक्का असावा, कारण पहिल्या प्रकारासमोर आपण विचारतो, 'हे कसे झाले?' आणि दुसऱ्यासमोर, 'हे का केले?'

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधत गेले की आपण एका दगडापाशी पोहोचतो. १७९६ च्या सुमारास बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर नावाच्या, नाटके लिहिणाऱ्या माणसाला आपली संहिता स्वस्तात छापायची होती. तिथल्या गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर त्याने तेलकट शाईने लिहून पाहिले. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत हे आमटीवरचा तवंग पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते. शिळाछाप उभी आहे ती एवढ्याच ज्ञानावर. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करायचा, वरून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, चित्रावर मात्र बसते. अक्षर कोरावे लागत नाही, टाइपचे खिळे ओतावे लागत नाहीत. हात जे काढील ते छापता येते, फक्त ते आरशातल्यासारखे उलटे काढावे लागते.

हात काढील ते छापता येण्याची ही सवलत आपल्याकडे फार मोलाची ठरली. देवनागरीच्या जोडाक्षरांचे, काना-मात्रांचे खिळे पाडणे हे जिकिरीचे काम होते. शिळेवर मात्र कारकुनाचे वळणदार हस्ताक्षर जसेच्या तसे उतरत असे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग छापले ते शिळाप्रेसवरच. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने खिळ्यांची छपाई इतक्या नेटकेपणाने केली की त्या अक्षरांची वळणे आजही डोळ्यांना घरची वाटतात. पण चित्राची वाट शिळेवरूनच पुढे गेली. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. रामपंचायतन, पेशवाईतले पुरुष, देवदेवता यांची रंगीत छापील चित्रे तिथून घरोघर गेली. ज्या घरात चित्र म्हणजे भिंतीवर गेरूने काढलेली नक्षी एवढेच होते, त्या घरात काचेच्या चौकटीतला नाना फडणवीस येऊन बसला. याचे त्या काळी किती अप्रूप वाटले असेल, ते आज प्रत्येकाच्या हातात पडदा असताना समजून घ्यायला जरा जोर लावावा लागतो.

राजा रविवर्म्यांचा छापखाना हा या कथेतला सर्वांत परिचित टप्पा. १८९४ साली तो मुंबईत सुरू झाला. १८९९ मध्ये, प्लेगच्या दिवसांत, तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. जर्मनीहून आलेले तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांनी पुढे तो विकत घेतला आणि चालवला. १९७२ च्या आगीत तिथले बरेच काही नष्ट झाले. मधल्या काळात तिथे काम केलेल्यांपैकी एकाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. लोणावळ्यात त्यांनी पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि नंतर ते सिनेमाकडे वळले. शिळेवर रंगांचे थर जुळवण्याची सवय असलेल्या हाताने भारतीय चित्रपट जन्माला घातला, ही गोष्ट मला नेहमी जुळून आल्यासारखी वाटते.

इथे थोडे थांबून एक चित्र जवळून पाहू. माझ्यासमोर रविवर्म्यांच्या लक्ष्मीची एक जुनी छापील प्रत आहे. कमळावर उभी देवी, बाजूला हत्ती. कोण्या सुगरणीने देवीच्या लुगड्याच्या काठावर खरी जर चिकटवली आहे आणि मुकुटावर टिकल्या. अशा सजवलेल्या प्रती पूर्वी घरोघर असत. छापून आलेल्या चित्राला घरचा हात लागल्याशिवाय तो देव आपला होत नसे. आता भिंग घ्या आणि देवीच्या गालावर धरा. गुलाबी, पिवळसर, तपकिरी, फिक्या निळ्या रंगांचे बारीक ठिपके दिसतील. नीट पाहिले तर हे ठिपके एका ओळीत नाहीत. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे दोन एकमेकांवर चढलेले. कारण ते कोणा कारागिराने लेखणीने एकेक करून दगडावर टेकवले आहेत. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. एका चित्राला आठ-दहा शिळा लागणे ही नित्याची गोष्ट. सगळ्या शिळांचे ठिपके कागदाच्या एकाच जागी पडले तर गाल उजळतो. एक शिळा केसभर सरकली की ओठ चेहऱ्याच्या बाहेर जातो. माझ्या प्रतीत डाव्या हातातल्या कमळाचा गुलाबी रंग पाकळीच्या रेषेबाहेर किंचित सांडला आहे. छापणाऱ्याला ही चूक टोचली असेल. मला मात्र तिथेच त्याचा हात दिसतो.

आता दुसरा प्रश्न: मागे वळून पाहायचे ते कशासाठी? ही आजचीच खोड आहे असे समजू नये. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी काढलेले 'कल्याण खजिना' या १९२४ सालच्या मूकपटाचे पोस्टर आज सापडणाऱ्या भारतीय चित्रपटांच्या चित्रमय पोस्टरांत सर्वांत जुने मानले जाते. बाबूराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत मोठे झाले, त्यांनी कॅमेरा स्वतः घडवला, आणि पोस्टरवर रंगवला तो शिवकाळ. म्हणजे आज आपण ज्या पोस्टराकडे 'केवढे जुने' म्हणून पाहतो, ते स्वतःच अडीचशे वर्षे मागे पाहत होते. आपण जुन्यातले जुने पाहत असतो. परदेशातही असेच. न्यूयॉर्कला १९५४ साली मिल्टन ग्लेझर, सेमूर क्वास्ट आणि त्यांच्या मित्रांनी पुश पिन नावाचा स्टुडिओ काढला तेव्हा जाहिरातीच्या जगात सरळ रेषा, मोकळी जागा आणि कोरडी शिस्त यांचा बोलबाला होता. त्यांनी आज्याच्या काळातली वेलबुट्टी, लाकडी ठसे, जाडजूड अक्षरे पुन्हा वापरात आणली, पण थट्टेच्या आणि खेळाच्या अंगाने. पुढच्या रेट्रो कामाचे बरेचसे व्याकरण तिथून आले. आपल्याकडच्या मुलांनी ते जरूर पाहावे. मात्र आज्याचा माळा धुंडाळायचा असेल तर आपला धुंडाळावा, ग्लेझरांच्या आज्याचा नको.

आपल्या माळ्यावर सर्वांत भरगच्च ट्रंक आहे ती दिवाळी अंकांची. का. र. मित्र यांच्या 'मासिक मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळात चकलीशेजारी मुखपृष्ठ आले. १९३५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये कमर्शियल आर्टचा वर्ग निघाला, मासिके वाढली, तीनरंगी ब्लॉक करून देणारे कारखाने मुंबईत उभे राहिले, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे ही चित्रांची सुगी चालली. दोन गोवेकरांची नावे इथे घ्यावीच लागतात. मडगावचे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी १९४५ पासून स्वतःचा 'दीपावली' अंक काढला. सपाट रंग, लयदार रेषा, अजिंठ्याची आठवण करून देणारी मान, आणि मुखपृष्ठाच्या चौकटीत नेमकी किती जागा रिकामी सोडायची याची विलक्षण जाण. रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांची वाट निराळी. फवाऱ्याने, म्हणजे एअरब्रशने, ते रंग असा उडवीत की कातडीवर कुठे रेष सापडू नये. दागिन्यांवरची चमक मात्र टिपून घ्यावी. दलालांचे चित्र रेषेतून वाचायचे, मुळगावकरांचे उजेडातून. गुलबर्ग्याहून आलेले एस. एम. पंडित त्याच काळात मुंबईत सिनेमाची शो-कार्डे आणि कॅलेंडरे रंगवत होते, आणि त्यांच्या पुराणातल्या वीरांच्या दंडांवर हॉलिवुडचा प्रकाश पडलेला होता.

या सुगीत हसणाऱ्यांचाही वाटा आहे. अनंत अंतरकरांच्या 'मोहिनी'च्या १९५२ सालच्या दिवाळी अंकावर शि. द. फडणीसांनी एक जोडी काढली: तिच्या साडीवर मांजरे, त्याच्या शर्टावर उंदीर. एक शब्द नाही. वाचकांनी हे मुखपृष्ठ कुठेही मिळाले तर पाहावे आणि मग स्वतःला विचारावे, ते आज 'जुने' दिसते का? मला दिसत नाही. तो शर्ट आणि ती साडी १९५२ ची आहे, विनोद मात्र आज सकाळचा वाटतो. १९५१ साली सुरू झालेल्या मधुकर पाटकरांच्या 'आवाज'ने पानात खिडकी कापून त्यामागे दुसरेच चित्र दडवले. आधी चावट वाटणारे दृश्य पान उलटताच निरागस निघे. खिडकीचित्रांवर नाके मुरडणारेही ती आधी उघडून पाहत, एवढे सांगून पुढे जातो.

आता चुकांकडे वळू, कारण हा विषय मी शिकलो तो माझ्याच चुकीतून. बऱ्याच वर्षांपूर्वी एका हौशी नाटक मंडळीसाठी मी 'जुन्या धाटणीची' निमंत्रणपत्रिका केली. जुन्या पुस्तकातली वेलबुट्टी घेतली, वर चहाचे डाग पडल्यासारखा पिवळट रंग चढवला, कडा जळक्या केल्या, आणि अक्षर कागदात खोल रुतावे म्हणून पुण्यातल्या एका बोळात अजून ट्रेडल मशीन चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या छापकाकडे गेलो. त्यांनी पत्रिका उलटीसुलटी पाहिली. म्हणाले, "साहेब, कागद नवा आहे, त्याला म्हातारा कशाला करताय?" मग अक्षर रुतवण्याची माझी मागणी ऐकून ते खरोखरच हसू लागले. "पूर्वी मागच्या बाजूला अक्षर उठलं तर मालक पगार कापायचे. आता उठलं नाही तर गिऱ्हाईक पैसे देत नाही."

त्यांच्या त्या बोलण्यात रेट्रो कामातल्या बहुतेक चुकांचे मूळ आहे. स्वस्त कागद पिवळा पडतो तो त्यातल्या लाकडाच्या लगद्यामुळे, उजेड आणि हवा लागून. पण छापून आला त्या दिवशी तो पिवळा नव्हता. १९४५ सालच्या वाचकाने दलालांचे निळे-तांबडे रंग ताज्या कागदावर पाहिले होते. पिवळेपणा मधल्या वर्षांनी घातलेला आहे. चित्रकाराचा त्यात काही हात नाही. सलूनमधले जुने पोस्टर निळसर दिसते, कारण उन्हात पिवळा आणि गुलाबी आधी उडतात आणि निळा चिवटपणे उरतो. तो निळसरपणा म्हणजे 'जुनी रंगसंगती' समजून कोणी आज वापरला तर त्याने चित्राऐवजी चित्राचे आजारपण उचलले. अर्थात ते आजारपणच कोणाला दाखवायचे असेल, स्मृतीच्या विरण्याचीच गोष्ट सांगायची असेल, तर गोष्ट वेगळी. मग ते जाणूनबुजून केलेले असावे आणि तसे दिसावे.

ठिपक्यांचेही तसेच. लक्ष्मीच्या गालावरचे हातचे ठिपके आपण पाहिले. ब्लॉकच्या आणि ऑफसेटच्या छपाईतले ठिपके यंत्राच्या जाळीतून येतात, म्हणून ओळीत, सारख्या अंतरावर उभे असतात. रंगीत छपाईत चार जाळ्या चार कोनांत ठेवल्याने त्यांची लहान-लहान फुले झालेली भिंगाखाली दिसतात. आजचा एखादा कलाकार संगणकावर शिळाछापाच्या वळणाचे चित्र काढतो आणि 'जुने दिसावे' म्हणून त्यावर जाळीचे ठिपके ओततो. हे बालगंधर्वांच्या हातात माइक देण्यासारखे आहे. पाहणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ते खटकणार नाही हे मला मान्य आहे. पण उरलेल्या दहांत तुमची गणना व्हावी, अशी माझी इच्छा आहे.

अक्षरांच्या बाबतीत मी थोडा अधिक हट्टी आहे. मराठी छापील चित्राचा निम्मा जीव अक्षरात असतो. मुंबईच्या ओतशाळांतल्या अ, झ, ण यांची वळणे जुन्या हिंदी छपाईतल्या वळणांहून वेगळी होती. ल आणि श यांचे मराठी रूप तर आजही वेगळे आहे. मराठी संगीत नाटकाची जुनी जाहिरात उभी करायची आणि तिच्यात परक्या वळणाचा 'ल' बसवायचा, हे ऐन मैफलीत सूर सोडण्यासारखे. शुद्धलेखनाचेही भान हवे. १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गळाले. त्याआधीचा छापखाना 'नांव' छापी, 'कांहीं' छापी. १९३० सालच्या धाटणीचे फलक करणाऱ्याने अक्षराला वेलबुट्टी चढवावी, पण आधी डोक्यावरचे टिंब परत द्यावे. त्या एका टिंबाने जे साधते ते शंभर चहाच्या डागांनी साधत नाही.

सुदैवाने आपल्याकडे अक्षराची परंपरा तुटलेली नाही. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत प्रत्येक नाटकाचे नाव वेगळ्या स्वभावाने रेखाटले. फार्सचे नाव ठेच लागल्यासारखे उभे राही, शोकांतिकेचे खाली मान घालून. र. कृ. जोशी हे जाहिरात, सुलेखन आणि आयआयटीतले अध्यापन या तिन्ही घरांत वावरले; कितीतरी संगणकांवर देवनागरी म्हणून जे 'मंगल' अक्षर दिसत आले ते त्यांचे. आजचे फॉन्टकारही मागे पाहतात. 'यात्रा वन' या मोफत मिळणाऱ्या फॉन्टची वळणे मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतली आहेत. मुंबईच्या एक टाइपने 'जैनी' हा फॉन्ट जैन कल्पसूत्रांच्या हस्तलिखितांतल्या अक्षरावरून घडवला. दिल्लीच्या हनिफ कुरेशींनी पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची अक्षरे गोळा करून त्यांचे फॉन्ट केले आणि त्या पेंटरांची नावे त्यांना दिली. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पाटीच्या कोपऱ्यात 'पेंटर' म्हणून बारीक सही करणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कोणी श्रेय दिले.

श्रेयावरून कायद्याची गोष्ट निघते, आणि नवख्या कलाकारांना ती क्वचितच कोणी सांगते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क साधारणपणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. मोजणी पुढच्या वर्षारंभापासून. रविवर्मा १९०६ साली गेले, चित्रकार धुरंधर १९४४ साली, बाबूराव पेंटर १९५४ साली. त्यांची चित्रे आज सर्वांची आहेत. दलालांच्या चित्रांवरची मुदत २०३१ च्या अखेरीपर्यंत आहे, मुळगावकरांच्या चित्रांवरची २०३६ च्या. चित्र नोकरीत काढलेले असेल किंवा हक्क विकलेले असतील तर मालक कोण हे वेगळे पाहावे लागते, पण चित्र जुने म्हणून बेवारशी, असे कधीच नसते. शैलीपासून शिकायला मात्र कोणाचीच आडकाठी नाही.

जुन्या चित्रांबरोबर जुन्या समजुतीही येतात, हे सांगायचे टाळले तर ही प्रस्तावना अप्रामाणिक होईल. गोरेपणा विकणाऱ्या जाहिराती, स्वयंपाकघराच्या बाहेर न पडलेल्या बायका, नोकर म्हणूनच चित्रात आलेली माणसे, विलायती कापडाच्या ताग्यांवर मँचेस्टरहून छापून आलेले आपलेच देव. ताग्यावरची ती तिकिटे इतकी देखणी आहेत की हातातून सोडवत नाहीत. आणि ती आपल्या विणकरांच्या पोटावर पाय ठेवून आली होती हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर छापलेल्या आहेत. आज त्या धाटणीचे चित्र काढणाऱ्याने त्यातली कोणती बाजू पुढे न्यायची हे ठरवायला हवे. न ठरवता उचलले तर दोन्ही येतात.

सुरुवात कुठून करावी? पुस्तकांचीच आवड असेल तर ख्रिस्तोफर पिन्नी आणि कजरी जैन यांनी छापील देवदेवतांवर इंग्रजीत केलेले काम जरूर वाचा. दोघांनीही बाजारातल्या चित्राला दिवाणखान्यातल्या चित्राइतक्या गांभीर्याने घेतले. पण माझा सल्ला विचाराल तर आधी पाय वापरा. मुंबईत गुलशन महालातल्या भारतीय चित्रपट संग्रहालयात पोस्टरे आहेत. मरीन ड्राइव्हवरून चालताना इमारतींची नावे वाचा. २०१८ साली जागतिक वारशात गेलेल्या त्या आर्ट डेको घरांच्या कपाळावरची अक्षरे सिमेंटात कोरलेली आहेत आणि फुकट पाहता येतात. वांद्र्याच्या गल्ल्यांत रणजित दहिया यांनी सिनेमाची जुनी पोस्टरे भिंतीएवढी करून रंगवली आहेत. पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जा, रद्दीच्या ढिगाशी उकिडवे बसा आणि घाई करू नका. पणजीला गेलात तर फोंताइन्यशमधल्या निळ्या-पांढऱ्या फरश्यांवरची घरांची नावे पाहा. आणि जे कधी रेट्रो झालेच नाही, कारण ते कधी थांबलेच नाही, तेही पाहा: सोलापूरचे दाते पंचांग, देवळाबाहेरच्या पोथ्या, फटाक्यांच्या खोक्यांवरची लेबले.

काही हाती लागले की पहिल्यांदा चित्राकडे पाहू नका. खालच्या कडेला पाहा. रविवर्म्यांच्या छापखान्याच्या कितीतरी चित्रांवर तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत छापखान्याचे नाव आणि कार्ला, लोणावळा हा पत्ता असतो. चौकट करताना सुतार नेमकी तीच पट्टी कापून टाकतो किंवा लाकडाखाली दाबतो. दिवाळी अंकात ती माहिती अनुक्रमणिकेच्या पानावर, अगदी तळाशी असते: मुखपृष्ठ कोणाचे, ब्लॉक कोणाचे, छपाई कुठली. ती ओळ वहीत उतरवून घ्या. मग भिंग काढा; दहा पट मोठे दाखवणारे पुरे, घड्याळवाल्याकडे मिळते.